स्टेपनी झोपली की पास

रविवार, २ फेब्रुवारी

ठरलं एकदाचं. बुधवारी सकाळी निघायचं. मी, ही, लेक, नात आणि स्टेपनी.

लेकीची बदली झाली आहे समुद्राकाठच्या गावाला. घाटापलीकडचं गाव, तिथे रेल्वे जात नाही आणि बस दोनदा बदलावी लागते. सामान ट्रकमधून आधीच रवाना झालं. माणसं मी नेणार. मायलेकींना तिथे नीट बसवून द्यायचं, काही दिवस राहायचं, परत यायचं आणि मग दर महिन्याला जायचं. नात जन्मापासून पलीकडच्या गल्लीत राहिली. रोज संध्याकाळी येऊन माझी उलटतपासणी घेते, म्हणून मी तिला इन्स्पेक्टर म्हणतो. ती गेल्यावर संध्याकाळी करायचं काय, हा विचार मी मनात येऊच देत नाही. गाडी आहे, मी आहे, आणि घाट काही पहिल्यांदा चढायचा नाही.

जेवताना हे जाहीर केलं तर लेकीचा चेहरा पडला. तिचं जुनंच पालुपद. बाबा, आता लांबचं चालवू नका, परवा कोपऱ्यावर फळवाल्याच्या टोपलीवरून चाक गेलं. मी म्हटलं, टोपली रस्त्यात होती, चाक टोपलीत नव्हतं. मग तिने डाव्या आरशावरच्या ओरखड्यांचा विषय काढला. ते पार्किंगमध्ये कोणीतरी घासून गेलं आहे, हे मी तिला किती वेळा सांगायचं?

शेवटी तिने अट घातली. या प्रवासात कोणाला किंवा कशाला नुसता धक्काही लागला नाही, तर ती पुन्हा हा विषय काढणार नाही, मी खुशाल दर महिन्याला यावं. लागला, तर चावी आईच्या हातात द्यायची आणि गाडी चालवणं कायमचं बंद. मी ताबडतोब हो म्हटलं. अर्ध्या गावाला ज्याने गाडी शिकवली त्याच्याशी पैज लावते! आणि चावी आईच्या हातात देऊन काय होणार? ही ती कपाटात साड्यांखाली ठेवील. आमच्या हिला गाडीचं बॉनेट कुठल्या बाजूला उघडतं तेही माहीत नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

गाडी धुतली, ऑइल बघितलं, चाकांत हवा भरली. मेकॅनिकने नेहमीची भुणभुण लावली, सर, ड्रायव्हिंग स्कूल बंद करून दोन वर्षं झाली, आता शेजारच्या सीटपुढचा तो जादा ब्रेक आणि क्लच काढून टाकू या का. मी नाही म्हटलं. उभा जन्म मी त्या सीटवर बसून काढला. छपरावरची पाटी तर काढलीच आहे, आता ते दोन पेडल तरी राहू देत.

त्या सीटचं एक शास्त्र आहे. लोकांना वाटतं शिकवणारा म्हणजे ओरडणारा. साफ चूक. शिकाऊ आधीच घाबरलेला असतो. शेजारी बसणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं, पाय तयार ठेवायचा, वेळ आली की हळूच दाबायचा आणि शिकाऊला वाटू द्यायचं की गाडी त्यानेच थांबवली. हे मी आयुष्यभर जेवणाच्या टेबलावर सांगत आलो. लेक कंटाळून उठून जायची. ही मात्र ऐकत बसायची, बिचारी, कळत काही नसलं तरी.

स्टेपनीलाही हे शास्त्र पाठ आहे. गॅरेजमध्ये जुन्या स्टेपनीच्या पोकळीत मुटकुळं करून पडलेलं कुत्र्याचं पिल्लू मिळालं, म्हणून हे नाव. चपलेएवढे पाय, एक कान उभा, एक पडलेला. तेव्हापासून प्रत्येक शिकवणीला मागच्या सीटवर हजर. शिकाऊ चुकणार हे तिला माझ्याही आधी कळायचं. ती टुणकन सीटखाली उतरली की समजायचं, आता काहीतरी ठोकणार. मी तर नियमच करून टाकला होता. ज्याच्या गाडीत स्टेपनी झोपली नाही, त्याला मी परीक्षेला पाठवायचोच नाही. स्टेपनी झोपली की पास. लोक परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला बिस्किटं चारायचे, पण लाच तिच्यावर कधी चालली नाही.

खालचा शिंपी आज विचारत होता, सर, तुमची कुत्री हल्ली पिवळ्या गाडीत कशी दिसते? पिवळी गाडी म्हणजे समोरच्या रस्त्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलची, जे माझीच एक जुनी विद्यार्थिनी चालवते. माझ्याकडे शिकून माझ्याच नाकासमोर दुकान थाटलं तिने. मी शिंप्याला म्हटलं, अरे, एक कान पडलेली कुत्री काय गावात एकच आहे का? चष्मा बदल. स्टेपनी सकाळी हिच्याबरोबर बागेत फिरायला जाते. गेले काही महिने हिला फिरायचं भलतंच वेड लागलं आहे. त्यासाठी कॅनव्हासचे बूटसुद्धा आणले आहेत.

आणखी एक नवीन खूळ म्हणजे माझा चहाचा कप ही आता नेहमी उजवीकडे ठेवते. वर्षानुवर्षं डावीकडे असायचा. विचारलं तर म्हणे टेबल तसं छान दिसतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी. मुक्काम, रस्त्यावरच्या विश्रांतिगृहाची खोली

पहिला दिवस फत्ते. एक ओरखडा नाही.

निघतानाच थोडी गंमत झाली. लेकीला मागे बसलं की मळमळतं, तरी तिने हट्टाने आईलाच पुढे बसवलं आणि स्वतः लिंबू हुंगत मागे बसली. इन्स्पेक्टर मधे, तिच्या पलीकडे स्टेपनी. ही कॅनव्हासचे बूट घालून आली. मी म्हटलं, अगं, बसून जायचं आहे, धावत नाही. ती नुसती हसली.

एरवी ही गाडीत बसली की पाच मिनिटांत घोरायला लागते, नाहीतर संत्री सोलून मला एकेक फोड भरवते. आज डोळ्याला डोळा नाही आणि संत्र्यांची पिशवी तशीच. दिवसभर ताठ बसली होती, समोर नजर लावून, जणू हिचीच परीक्षा. पाय आखडतील म्हटलं तर म्हणाली, आखडू देत.

गाडी मात्र लोण्यासारखी चालली. एक गोष्ट आज मला स्वतःलाच चकित करून गेली. पेट्रोलपंपापाशी डावीकडून एक ट्रॅक्टर अचानक उगवला. लोकांना हल्ली डावीकडून अचानक उगवायची फार सवय लागली आहे. माझ्या मनात ब्रेक यायच्या आधी गाडी थांबलीसुद्धा. हिसका नाही, धक्का नाही, क्लचही वेळेवर. पुढे रेल्वेच्या फाटकापाशी पुन्हा तसंच. इतक्या वर्षांत पाय इतके तयार झाले आहेत की डोक्याची वाटच बघत नाहीत. हे मी मोठ्याने बोलूनही दाखवलं. मागे लेक खिडकीबाहेर बघत होती. कौतुकाचा एक शब्द नाही, पण ते या पिढीकडून अपेक्षितच नाही.

स्टेपनीचं काहीतरी बिघडलंय. दिवसभर सीटखाली बसून होती. इन्स्पेक्टर मला दर वेळी बातमी द्यायची, आजोबा, स्टेपनी खाली गेली. वयच झालं तिचं, पोट बिघडलं असेल. उद्यापासून बिस्किटं बंद.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. नवं घर

पोचलो. घाट मी असा चढलो आणि असा उतरलो की घाटालाही कळलं नसेल. लेकीचं घर पहिल्या मजल्यावर आहे, पुढच्या खिडकीतून समुद्राची एक निळी पट्टी दिसते. खाली छोटं आवार, लोखंडी फाटक.

घाटाखालच्या बाजारात मात्र एक प्रसंग आला. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी दुकानं. एक माणूस खांद्यावर शिडी घेऊन सायकल ढकलत डावीकडून मधे आला. मी त्याला पाहिलं तेव्हा तो बॉनेटपुढे होता, आणि गाडी थांबलेली होती. त्याने शिडी हलवून मला शिव्या दिल्या. मी काच खाली करून त्याला चार शब्द सुनावले. मग मागे वळून लेकीला म्हटलं, बघितलंस? याला म्हणतात सवय. दुसरा कोणी असता तर शिडी आत आली असती.

लेकीचे ओठ पांढरे पडले होते. ही रुमालाने मान पुसत होती. बायकांच्या जातीला जरा काही झालं की घाम फुटतो.

तेवढ्यात इन्स्पेक्टर पुढे वाकून म्हणाली, "आजोबा, तुमचा पाय तर हललाच नाही. मी बघत होते."

मी म्हटलं, मोठ्यांचे पाय लहानांना दिसत नाहीत इतके पटकन हलतात. स्टेपनी पुढचे पाच मैल खालून वर आली नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दिवसभर खोकी सोडली. पडदे लावले. इन्स्पेक्टरने खालच्या दुकानातून किनाऱ्यासाठी लाल बादली आणि फावडं घेतलं, आणि संध्याकाळी दोघांनी मिळून वाळूचं गॅरेज बांधलं. लाटेने ते पाडलं तेव्हा तिने लाटेलाच दरडावलं.

पैज मी जवळजवळ जिंकलीच आहे. परतीचा प्रवास राहिला फक्त. पण खरं लिहायचं तर इन्स्पेक्टरचं ते पायाचं बोलणं डोक्यातून जात नाही. काल रात्री पडल्या पडल्या पाय हलवून पाहिला. उत्तम हलतो. मग प्रश्न काय आहे?

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला ही वर्षभर मागे लागली आहे. परत गेल्यावर बघू. चष्म्याचा नंबर वाढला असेल थोडा, त्याचं काय एवढं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

लिहू का नको असं दोनदा झालं. लिहितो.

सकाळी घरात ब्रेड नव्हता. लेक नव्या ऑफिसात हजर व्हायला गेली होती, ही न्हाणीघरात. दुकान बंदरापाशी, चालत लांब पडतं. मी गुपचूप चावी उचलली. स्टेपनी जिन्यातच बसकण मारून बसली, यायला तयार नाही. तिला उचलून गाडीत ठेवलं. शेजारची सीट रिकामी, मोकळा रस्ता, स्वच्छ ऊन. फार बरं वाटलं. तीन दिवस सगळे माझ्याकडे परीक्षकासारखे बघत होते, त्यातून सुटल्यासारखं झालं. शीळ घालत गेलो, ब्रेड-अंडी घेतली, शीळ घालत परत आलो.

आवाराच्या फाटकातून डावीकडे वळायचं. वळलो. चाकाखाली कड्कड असा आवाज आला. प्लास्टिकचा. गाडी थांबवून उतरलो, पलीकडे जाऊन पाहिलं. लाल बादली चाकाखाली चपटी झाली होती. आणि बादलीच्या मागे, भिंतीला पाठ चिकटवून, हातात फावडं घेऊन इन्स्पेक्टर उभी होती.

तिला काही झालं नव्हतं. हे आधी लिहून ठेवतो. तिच्या अंगाला चाकाचा वाराही लागला नाही. पण ती आणि चाक यांच्यामध्ये फक्त ती बादलीच होती.

ती रडली नाही. म्हणाली, "मी हात करत होते, आजोबा. दोन्ही हात. तुम्ही माझ्याकडेच बघत होता."

मी तिच्याकडे बघत होतो. आणि मला भिंत दिसली होती. नुसती भिंत. लाल बादली नाही, लाल फावडं नाही, पिवळ्या फ्रॉकमधली माझी नात नाही.

तिला उराशी धरून मी तिथेच पायरीवर बसलो. स्टेपनी गाडीतून उतरली आणि तिच्या पावलांवर जाऊन बसली. मग मी एक गोष्ट केली जी शुक्रवारीच करायला हवी होती. इन्स्पेक्टरला माझ्या डावीकडे उभं केलं, समोर बघितलं आणि तिला एकेक पाऊल पुढे यायला सांगितलं. ती हसत हसत येत राहिली. मला ती दिसली तेव्हा ती जवळजवळ माझ्या नाकासमोर होती.

मग आणखी एक विचार आला. बाजारात गाडी थांबली होती. ट्रॅक्टरपाशी थांबली होती, रेल्वेच्या फाटकापाशी थांबली होती. आज नाही थांबली. गाडी तीच, पाय तेच. फरक एवढाच, की आज शेजारी कोणी बसलं नव्हतं.

मी उठून डावीकडचं दार उघडलं. जादा ब्रेकच्या रबरावर दोन वर्षांची धूळ असायला हवी. रबर लख्ख होतं.

ही ओले केस पुसत खाली आली. बादली पाहिली, नातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. आधी तिने नातीला पायापासून डोक्यापर्यंत चाचपून पाहिलं आणि वर पाठवलं. मी विचारलं, बाजारात ब्रेक कोणी दाबला?

"मी."

आणि ट्रॅक्टरपाशी? तोही तिनेच. फाटकापाशी, घाटात दोनदा, आणि आणखी कुठे कुठे, मला पत्ताच नव्हता. मी चिडलोच. चूक माझी होती तरी चिडलो. म्हटलं, एका शब्दाने बोलायचं नाही? मी इकडे मिशीवर ताव देतोय आणि तू माझी गंमत बघतेस?

ती पायरीवर माझ्याशेजारी बसली. उजव्या बाजूला बसली, हे माझ्या आज लक्षात आलं.

"गंमत? माझा जीव मुठीत होता. वर्षभर सांगतेय डॉक्टरकडे चला, ऐकलंत का? गाडी तर तुम्ही नेणारच होता. मग मी तुम्हीच सांगितलंय ते केलं. तोंड बंद ठेवायचं, पाय तयार ठेवायचा आणि शिकाऊला वाटू द्यायचं, गाडी त्यानेच थांबवली."

मी शिकाऊ. माझ्याच गाडीत.

माझा राग आणखी चढायला हवा होता. उतरला. रडू आलं. इतक्या वर्षांत ही माझ्यासमोर कितीदा रडली असेल, मी तिच्यासमोर पहिल्यांदा. तिने पदर पुढे केला नाही. म्हणाली, आता ती बादली काढा तिथून, पोरीला रोज दिसेल.

संध्याकाळी लेक आली तेव्हा तिला मी स्वतः सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, बघा, मी म्हणत होते. त्याऐवजी तिने नातीला मांडीवर ओढून घेतलं, आणि मग माझाही हात धरला. मी पैज हरलो होतो. ठरल्याप्रमाणे चावी हिच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, घे, ठेव कपाटात साड्यांखाली. दर महिन्याचं काय ते संपलं. परत जायला बसची चौकशी करतो, आणि गाडी कोणाकडून तरी मागवून घेऊ.

हिने चावी कपाटात ठेवली नाही. विचारलं, टाकी भरलेली आहे का?

मला प्रश्नच कळला नाही. तिने पर्स उघडली आणि पाकिटातून एक कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. त्यावर हिचा फोटो. कोणाला तरी दम देत असल्यासारखा चेहरा. लायसन्स. ताजं, कोपरेसुद्धा मऊ झालेले नाहीत.

लेकीला माहीत होतं. इन्स्पेक्टरलासुद्धा माहीत होतं. स्टेपनीला तर सगळ्यात आधी माहीत होतं, सकाळी बागेत जाण्याच्या नावाखाली ती मागच्या सीटवर असायची. शिंप्याचा चष्मा ठीक आहे. परत गेल्यावर त्याची माफी मागायला हवी.

सगळं कळल्यावर मला एकाच गोष्टीचा संताप आला. पिवळी गाडी! अगं, घरात शिक्षक असताना त्या पोरीकडे?

ही शांतपणे म्हणाली, "लग्नानंतर पहिल्या वर्षी तुम्ही मला शिकवायला घेतलं होतं. एका वळणावर मला गाडीतून उतरवलंत. आठवतंय?"

आठवत नाही. पण हिला आठवतंय म्हणजे झालं असणार. बाकी सगळ्या जगाशी तोंड बंद ठेवायचं शास्त्र, आणि ते घरात वापरायचं राहून गेलं. मी म्हटलं, ती पिवळी गाडीवाली तरी कोणाची विद्यार्थिनी? माझी. म्हणजे हिशेबाने तुला मीच शिकवलं. लेक हसली. हीसुद्धा हसली. म्हणाली, हो, हिशेबाने तुम्हीच.

सोमवार, १० फेब्रुवारी

काल काही लिहिलं नाही. दिवस समुद्रावर गेला. इन्स्पेक्टरला नवी बादली घेतली, या वेळी निळी, तिनेच निवडली. ती माझ्या डाव्या हाताला धरून चालत होती आणि वाटेतलं सगळं मोठ्याने सांगत होती. खांब, आजोबा. सायकल, आजोबा. माणूस, जाडा. तो जाडा माणूस वळून बघायला लागला. तिला वाटतंय हा नवा खेळ आहे. मलाही तसंच वाटू दिलं तिने, असं आता लिहिताना वाटतंय.

डोळ्यांच्या दवाखान्यात मी स्वतः फोन करून बुधवारची वेळ घेतली. बाईने विचारलं, काय त्रास होतो? मी म्हटलं, डावीकडचं जग गेलंय, किती परत मिळतं ते बघायचंय. एवढं बोलल्यावर उगाच हलकं वाटलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. आपलं घर

सकाळी निघालो. निरोप लवकर आटोपला, कारण इन्स्पेक्टरने आधीच बजावलं होतं की पुढच्या महिन्यात यायचं आहे तर रडायचं कशाला. तिने आजीला सूचना दिल्या, आरसे बघून घे, पट्टा लाव, आणि आजोबांना जास्त बोलू देऊ नकोस.

माझी जुनी सीट. बसलो आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. हिने सीट पुढे ओढली, आरसे बसवले, गाडी मागे घेऊन फाटकातून अशी सरळ काढली की दोन्ही बाजूंना सारखी जागा राहिली. स्टिअरिंग हातावर हात न घेता सरकवत फिरवते, ती त्या पिवळ्या गाडीवालीची लकब. चांगली आहे, मान्य करायला हवं. मीच शिकवली होती तिला.

घाटापर्यंत मी फार बोललो. गिअर उतरव, हॉर्न दे, त्या ट्रकला पुढे जाऊ दे, अंतर ठेव. प्रत्येक गोष्ट मी बोलायच्या आधीच तिने केलेली असायची, आणि मी तोंड उघडलेलं असायचं म्हणून वाक्य पूर्ण करायचो. बाजारात, त्याच अरुंद जागी, डावीकडून एक म्हातारी हातगाडी ढकलत आली. मला ती दिसली नाही. गाडी सावकाश थांबली, म्हातारी गेली, गाडी सुटली. माझा पाय ब्रेकवर होता, पण मी दाबला नव्हता.

पुढे मी पुन्हा काहीतरी सांगायला लागलो, तेव्हा ही रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "सर, शेजारी बसणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं."

पहिल्यांदाच तिने मला सर म्हटलं. संत्र्यांची पिशवी अजून तशीच होती. एक सोललं आणि फोड तिच्या तोंडाशी नेली. गाडी चालवणाऱ्याला शेजारून भरवणं किती अवघड असतं ते कळलं, फोड आधी गालाला लागली.

घाटाच्या वरच्या वळणावर मागून घोरण्याचा आवाज आला. वळून पाहिलं. स्टेपनी खाली नव्हती. सीटवर मधोमध आडवी पडली होती, पोट वर, उभा कानही पडलेला. खाली दरी, समोरून बस येतेय, आणि बाईसाहेबांना खुशाल झोप लागली होती. जाताना याच वळणावर ती माझ्या सीटखाली अंग चोरून बसली होती.

नियम माझाच आहे, आणि त्यात लाच चालत नाही. अख्ख्या गावाला ज्या मापाने मोजलं त्याच मापाने मी आज नापास झालो होतो, आणि तरी मनाला कुठे टोचलं नाही. उलट इतकी वर्षं दमलेला पाय आज कळला. मी तो ब्रेकवरून उचलला, बूट काढले आणि सीटवर मांडी घालून बसलो.

हिने विचारलं, "झोप येतेय का?"

मी म्हटलं, "पास."